मध्यस्थापुढे बसणार कोण?

सार्वजनिक सेवेतील वेतनकराराचा वाद खासगी कारखान्यातल्या वादासारखा नसतो. कारखान्यात मालक समोर असतो आणि किती द्यायचे, किती ताणायचे याचा हिशेब त्याचा त्यालाच करायचा असतो. बेस्ट, एसटी महामंडळ किंवा वीज कंपन्यांत कामगार संघटनेसमोर बसतो तो महाव्यवस्थापक किंवा व्यवस्थापकीय संचालक. सही त्याची, तिजोरी मात्र महापालिकेची किंवा राज्याच्या वित्त विभागाची. संप झालाच तर त्याची झळ व्यवस्थापनाआधी थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला बसते. म्हणून अशा वादात मध्यस्थ किती निष्णात आहे यापेक्षा त्याच्यासमोर कोण बसले आहे, याला अधिक महत्त्व असते.

कायद्यात मध्यस्थीची सोय नव्हती असे नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. लवाद निवाडा देतो. समेट अधिकारी तो देऊ शकत नाही. त्याचे काम दोन्ही बाजूंना तडजोडीपर्यंत आणण्याचे. त्या कायद्याखाली सार्वजनिक उपयोगाच्या सेवेत संपाची नोटीस आली की समेटाची कार्यवाही सक्तीची असे, आणि ती चालू असताना व संपल्यानंतर सात दिवस संप बेकायदा ठरे. समेटातून झालेला करार संघटनेचे सभासद नसलेल्या कामगारांनाही बंधनकारक असे. कागदावर ही रचना भक्कमच होती. प्रत्यक्षात बैठकीला येणाऱ्या कामगार अधिकाऱ्याच्या हाती वरिष्ठांना कळवण्यापलीकडे काही नसेल, तर तारखेवर तारीख पडत राहते. मग संपबंदीचा काळ तडजोडीऐवजी संपाच्या तयारीत जातो.

जानेवारी २०१९मधला बेस्टचा संप नऊ दिवस चालला. तीस हजारांहून अधिक कामगार त्यात उतरले होते. वेतनकराराबरोबर त्यांची मुख्य मागणी बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याची होती. म्हणजे भांडण बेस्टशी असले तरी रोख महापालिकेच्या तिजोरीवर होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे दहा टप्प्यांची अंतरिम वेतनवाढ पुढे आली आणि उरलेल्या वाटाघाटींसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. त्यानंतर संप मागे घेतला गेला. संघटनेला रिकाम्या हाताने परतावे लागले नाही आणि प्रशासनालाही सगळे एकदम कबूल करावे लागले नाही. दोघांनाही तोंड दाखवायला जागा ठेवणे, हे मध्यस्थीचे अर्धे काम असते. पण हीच नेमणूक संपाच्या आधी का होऊ शकली नाही? मध्यस्थ मिळण्यासाठी आधी मुंबईकरांना नऊ दिवस पायपीट करावी लागणे, हा उलटा क्रम झाला.

एसटीच्या बाबतीत तर मध्यस्थच नव्हता. जून २०१८मध्ये ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ सरकारने परस्पर जाहीर केली. करारावर संघटनेची सही नव्हती आणि काही दिवसांतच अघोषित संप झाला. रक्कम मोठी होती, पण ती वाटाघाटीतून आलेली नव्हती. ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालेला संप त्याहून कठीण ठरला. महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन सदस्यांच्या समितीकडे गेली. ते तिघेही शासनाचेच वरिष्ठ सनदी अधिकारी. ज्याच्याकडे मागणी होती, त्याच्याच घरचे लोक तिची तपासणी करायला बसले. त्यांनी विलीनीकरण नाकारले. आर्थिक कारणांनी तो निष्कर्ष बरोबर असेलही, पण तो तटस्थ आहे हे आगारांत कोणाला पटवता येणार होते? त्याआधी नोव्हेंबरमध्ये परिवहनमंत्र्यांनी सेवाकाळानुसार अडीच ते पाच हजार रुपयांची मूळ वेतनवाढ जाहीर केली होती. तरीही बहुसंख्य कर्मचारी कामावर आले नाहीत. अखेर न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ही रुजू होण्याची मुदत दिली. तोवर जवळजवळ सहा महिने गेले आणि खेड्यापाड्यातल्या विद्यार्थ्यांनी शाळेची वाट पायी तुडवली.

दोष एकट्या सरकारचा नव्हता. त्या संपात जुन्या संघटना बाजूला पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने शब्द देऊन तो पाळून घेणारे नेतृत्वच उरले नाही. अशा जमावाशी कोणताही मध्यस्थ करार करू शकत नाही. शिवाय विलीनीकरण हा धोरणाचा प्रश्न; तो वेतनाच्या मागणीला बांधला की वेतनावरची तडजोडही अडकते. मध्यस्थाने पहिल्याच बैठकीत या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने काही बदल केले आहेत. ५१ टक्के सभासद असलेली संघटना आता एकटीच वाटाघाटी करू शकते. तशी कोणी नसेल तर वाटाघाटी परिषद. संपापूर्वीची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. सर्वांत मोलाचा बदल मात्र फारसा चर्चेत नाही. पूर्वी समेट फसला की वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकार ठरवत असे, मालक सरकारच असले तरी! आता दोन्ही बाजूंना थेट अर्ज करता येतो.

तिजोरीचा मालक बैठकीला आलाच पाहिजे, असे मात्र संहितेने म्हटलेले नाही. ते काम राज्य सरकारला स्वतःहून करावे लागेल. करार संपण्याच्या सहा महिने आधी दोन्ही बाजूंना मान्य असलेला मध्यस्थ नेमावा; निवृत्त औद्योगिक न्यायाधीशांची सूची त्यासाठी पुरेल. वित्त विभागाच्या प्रतिनिधीने किती रकमेपर्यंत जाता येईल याचे लेखी अधिकारपत्र घेऊनच त्याच्यासमोर बसावे. आणि बोलणी चालू असेपर्यंत कोणत्याही मंत्र्याने पत्रकार परिषदेत वेतनवाढीचा आकडा जाहीर करू नये.