शाली झाल्या, वही कुठे आहे?

१०, ११ व १२ जानेवारी २०२० रोजी उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले. आम्हां कॅथलिकांच्या घराघरांत केवढा आनंद झाला! धर्मगुरूच्या निवडीस विरोध झाला, तेव्हा आम्ही पेटूनही उठलो. सत्कार झाले, शाली पांघरल्या गेल्या, छायाचित्रे भिंतींवर लागली. २५ जुलै २०२४ रोजी फादर प्रभूच्या घरी गेले, तेव्हा अश्रूही ढाळले. आता आमचा प्रश्न असा, की त्यांचे ‘सुबोध बायबल’ किंवा ‘नाही मी एकला’ वाचून मनात काय उमटले, याची एक ओळ तरी कुणाच्या घरी लिहिलेली सापडेल काय?

दुधाचा हिशेब आपण दिनदर्शिकेवर मांडतो. भिशीची वही कधी चुकत नाही. वाचनाची वही म्हटली, की मात्र ‘ते शाळकरी मुलांचे काम’ असे म्हणून हसण्यावारी नेतो.

असे हसणाऱ्यांनी संत इग्नेशियसकडे पाहावे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा शिपाईगडी लोयोलाच्या वाड्यात खिळून पडला होता. त्याला हव्या होत्या शूरांच्या अद्भुत कथा. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्याने ती नुसती वाचली नाहीत. उतारे काढले, ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने आणि पवित्र मातेचे निळ्या शाईने, अशी सुमारे तीनशे पाने! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचनानंतर मनाला काय होते, याकडे त्याने लक्ष दिले. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना गोड वाटत, पण मागाहून मन कोरडे पडे; संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागे टिकून राही. आत्मिक पारखीची त्याची सारी शिकवण या निरीक्षणातून उगवली. हे शाळकरी काम म्हणावे काय?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे संत गोरोबाकाकाही हेच सांगतात. मडके कच्चे की पक्के हे पाहावे, तसे त्यांनी थापटण्याने संतांचे माथे पारखले, अशी कथा आहे. आपले मतही असेच वर्षभराने थापटून पाहायला हवे. पण ते लिहिलेलेच नसेल, तर थापटणार कशावर?

कुणी म्हणतील, वाचन ही खाजगी बाब आहे. असो खाजगी; वही कपाटात ठेवावी. कुणी वर्षाकाठी अमुक इतकी पुस्तके झाली, असा आकडा मिरवतील. त्या आकड्याचे आम्हांला काडीचे मोल नाही. मलपृष्ठावरची स्तुती उतरवून काढणे तर निव्वळ शाईची नासाडी. पुस्तक कुणाकडून आले, कोणत्या पानावर राग आला, कुठे कंटाळून मिटले, कोणते वाक्य मिस्सेच्या वेळी आठवले, एवढे लिहावे, तारीख घालावी. धर्मगुरूंच्या मताशी मतभेद झाला, तर तोही लिहावा. दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे ‘सुवार्ता’ चालवली, ती होयबा वाचकांसाठी नव्हे.

धर्मग्रामाच्या ग्रंथालयातील देवघेवीच्या वहीत नाव, पुस्तक आणि परतीची तारीख असे रकाने असतात. शेजारी ‘अभिप्राय’ हा चौथा रकाना आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरेल. येत्या रविवारी मिस्सेनंतर तो कोण आखणार, एवढे ठरवा.