माध्यमे कोणी घडवायची?

विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलविषयी सध्या दोनच सूर ऐकू येतात. पोरे वाया गेली, हा एक. आणि देश डिजिटल झाला, हा दुसरा. पहिला सूर विद्यार्थ्याला आरोपी ठरवतो, दुसरा त्याला समारंभातील शोभेची वस्तू करतो. त्याच्या आवडीचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही.

तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी एस.टी.ची वाट पाहताना छोट्या चित्रफिती पाहतो, मधल्या वेळेत मित्रांबरोबर मोबाइलवरील खेळ खेळतो, रात्री त्याच पडद्यावर गणिताचे व्याख्यान ऐकतो. हा सारा आळस मानणे अन्यायाचे होईल. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. पण पडद्याने बोलावे आणि गावाने ऐकावे, एवढेच नाते तेथे शक्य होते. नव्या माध्यमाला उत्तर देता येते, त्यात स्वतः काही करून पाहता येते. तरुणांना याचेच आकर्षण वाटते आणि ते मुळात निरोगी आहे.

तथापि, उत्तर देणे म्हणजे सत्ता हाती येणे नव्हे. विद्यार्थी कोठे थांबला, काय वगळले, कशाला पसंती दिली, याची नोंद कंपनी ठेवते. पुढे कोणते चित्र दाखवायचे आणि कोणती जाहिरात, हे त्यावरून ठरते. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आले. या धंद्यात विद्यार्थ्याचा वेळ हाच कच्चा माल आहे. नियम ठरविण्यात मात्र त्याचा काडीचाही वाटा नाही.

मोबाइलवर चित्रफिती करणारी खेड्यातील मुले निर्माती नाहीत काय, असा प्रश्न कोणी विचारील. ती निर्माती आहेतच. परंतु जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अशा असंख्य मुलामुलींनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. बंदीचे गुणदोष काहीही असोत, साधन दुसऱ्याच्या मालकीचे असले की श्रम करणाऱ्याच्या हाती काय उरते, हे त्यातून दिसले.

खरी विषमता याच्याही पुढे आहे. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आढळला, संगणक किंवा लॅपटॉप मात्र जेमतेम ९ टक्क्यांच्या घरी. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्केच होते. पाहण्यासाठी फोन पुरतो. आज्ञावली लिहिणे, चलत्‌चित्रे तयार करणे, खेळाची रचना करणे यांसाठी संगणक हवा, शिक्षक हवा, निवांत वेळ हवा. शहरातील खासगी संस्था हे शिक्षण भरमसाट शुल्क घेऊन देतात. म्हणजे संपन्नांच्या मुलांनी घडवायचे आणि शेतमजुराच्या मुलांनी पाहत राहायचे, अशी नवी वर्णव्यवस्थाच उभी राहत आहे.

हे अटळ नाही. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभारले. २०१८ पासून तेथील दोन हजारांवर शाळांत ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे चालू झाली. सरकारी शाळेतील मुले त्यांत चलत्‌चित्रे, प्रोग्रॅमिंग आणि मल्याळम संगणन शिकतात. खेळ व गोष्टी रचण्याचे ‘स्क्रॅच’, चलत्‌चित्रांचे ‘ब्लेंडर’ ही साधने विनामूल्य आहेत. तेव्हा साधने नाहीत ही सबब पुढे करता येणार नाही. उणीव आहे ती राजकीय इच्छेची.

म्हणून कार्यकर्त्यांनी मोबाइलविरोधी प्रवचने थांबवावीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक चालू आहेत की कुलुपात, याची चौकशी करावी. गावच्या वाचनालयात दोन संगणक आणि एक जाणता मार्गदर्शक मिळावा, मुलींसाठी तेथे राखीव वेळ असावी, अशी मागणी ग्रामसभेत मांडावी. अभ्यासवर्गात माध्यमांच्या मालकीचा प्रश्न घ्यावा, आणि तो मांडण्याचे काम विद्यार्थ्यांवरच सोपवावे. ज्या पिढीला उत्तर देण्याची सवय लागली आहे, तिला प्रश्न विचारण्याचीही सवय लागेल. चळवळीने तेवढा विश्वास तिच्यावर टाकला पाहिजे.