मुलाच्या माथी शिक्का

वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलास शाळेने मनोरुग्ण ठरवावे आणि आईबापांनी ते मान खाली घालून ऐकावे, हे आता थांबले पाहिजे. अतिचंचलतेची लक्षणे १२ व्या वर्षाआधीची आहेत काय, शाळेप्रमाणे ती घरी वा अन्यत्रही दिसतात काय, हे पाहिल्यावाचून निदान होत नसते. कोणाचाही मनोविकार त्याच्या सामाजिक वा आर्थिक दर्जावरून ठरविता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बजावतो. अल्पवयीनास रुग्णालयात ठेवावयाचे ते अपवादात्मक परिस्थितीतच. तेही प्रौढांपासून वेगळे व पालकासह. मात्र विकार खराच असेल, तर अंगारेधुपाऱ्यांत वर्ष दवडणे हाही मुलावर अन्यायच होय. डॉक्टरांकडे जा आणि केसपेपर पाहावयास मागा. रुग्णाचा तो हक्क कलम २५ ने मान्य केला आहे.