ध्वनिफितीची साक्ष कोण काढणार?

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाला काही तास उरले असताना, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, काही ध्वनिफिती समाजमाध्यमांवर अवतरल्या. निवडणुकीसाठी बिटकॉइनचा पैसा वापरल्याचा आरोप त्यांच्या आधारे झाला आणि त्यांतील आवाज सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे असल्याचे सांगण्यात आले. दोघांनीही आरोप साफ फेटाळला. सुळे यांनी निवडणूक आयोग व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र आवाज आपल्या बहिणीचाच असल्याचे सांगितले. 'बूम' या तथ्यतपासणी संस्थेने घेतलेल्या संगणकीय चाचणीचा कौल वेगळा होता. फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविल्या असण्याची दाट शक्यता तिने वर्तविली. घरच्या माणसाचा कान एकीकडे, यंत्राची टक्केवारी दुसरीकडे. आणि निवाडा होण्याआधीच मतदान उरकले.

यंत्राचा कौल हा पुरावा नव्हे, अंदाज असतो. हातोहाती फिरून दबलेल्या आवाजावर तर तो अधिकच डळमळतो.

मग कायद्याकडे वळावे, तर तेथे वेगळीच अडचण आहे. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारल्याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला होता. त्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. चित्रीकरण कोठले, हे तेथे ठाऊक होते. प्रश्न कागदाचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने या प्रमाणपत्रात फाइलच्या 'हॅश'चीही भर घातली. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. पण फाइल ताब्यात आल्यानंतर तिच्यात फेरफार झाला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. मुळातच बनावट असलेल्या फितीचा ठसाही तितकाच निर्दोष निघेल!

याचा लाभ खोटे पसरविणाऱ्यालाच होतो असे नाही. उद्या एखाद्या नेत्याची अस्सल फीत बाहेर आली, तरी 'डीपफेक' म्हणून हात झटकण्याची सोय झालीच आहे. म्हणून फितीत काय ऐकू येते, यापेक्षा ती कोणत्या फोनवर, कधी नोंदली गेली आणि मूळ प्रत कोणाकडे आहे, हे आधी विचारले पाहिजे. मूळ फोन दाखवायला कोणी तयार नसेल, तर वृत्तसंस्थांनी ती फीत वाजवू नये. 'सत्यता पडताळलेली नाही' अशी तळटीप लावून ती दिवसभर ऐकवणे ही शुद्ध पळवाट होय.

उगमाची ही नोंद छायाचित्र टिपतानाच त्यात गुंफण्याचा 'सीटूपीए' नावाचा मानदंड अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी २०२१ पासून उभा केला आहे. काही कॅमेरे आणि फोन तो पाळतातही. मात्र छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पुढे धाडले, की ही नोंद गळून पडते. आणि मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या गटांवर निवडणुकीच्या आदल्या रात्री चित्रे व फिती पोहोचतात, त्या याच वाटेने.