प्लासीला लढले कोण?

गडहिंग्लजला शाळेत इंग्रज-फ्रेंच संघर्ष शिकलो, तो क्लाइव्ह आणि डुप्ले ही नावे पाठ करून. मार्च १७५७ मध्ये क्लाइव्हने फ्रेंचांचे चंद्रनगर घेतले. जूनमध्ये प्लासीला नवाबाकडून मूठभर फ्रेंच गोलंदाजही लढले. पण क्लाइव्हचे शिपाई कोण? दुसाध, म्हणजे अस्पृश्य, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ते आम्हाला कुणी शिकवले नाही! त्यांना देशद्रोही ठरवणाऱ्यांनी आधी सांगावे, गावच्या पाणवठ्यावर त्यांना जागा होती काय? इंग्रज तरी कुठे आपले? फ्रेंच हटले, पेशवाई बुडाली आणि १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात महार पलटण उभारली, १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी झाली, तेव्हा १९४१ साली आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.