टॅब दिला, ब्राउझर अर्धाच दिला

दर्यापूरच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज या आठवड्यात एका मेनूपाशी अडला. हातात चांगला टॅब, पण पोर्टलवरचा मेनू बोटाने उघडेना. ‘डेस्कटॉप साइट’वर खूण केली, तर अक्षरे बारीक झाली आणि मेनू होता तिथेच राहिला. नेटकॅफेत जा, असे तिला सांगण्यात आले होते. आम्ही त्याच टॅबवर टर्मक्स या ॲपमधून डेबियन ही लिनक्स प्रणाली चढवली, त्यात संगणकावरचा फायरफॉक्स उघडला आणि अर्ज भरून झाला.

‘डेस्कटॉप साइट’ने ब्राउझर फक्त आपली ओळख वेगळी सांगतो आणि पान रुंद धरतो. बोटाचा स्पर्श मात्र स्पर्शच राहतो. त्या पोर्टलचा मेनू माउसचा बाण वर आला तरच उघडणारा होता. डेबियन ज्यात दिसते त्या टर्मक्सच्या एक्स11 खिडकीत बोट सरकवले की बाण सरकतो, म्हणून तो उघडला.

टॅबवर संगणकासारखा ब्राउझर का देत नाही असे विचारले, की टॅबमध्ये एवढा दम नसतो, हे उत्तर मला दरवेळी मिळते. ते खरे नाही. 2007 चा नोकिया एन810 टॅब आठवा. 400 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 128 एमबी रॅम, 800 बाय 480 चा पडदा. त्यावरची मेमो प्रणाली मुळात लिनक्सच. हौशी मंडळींनी त्यात ‘इझी डेबियन’ बसवले आणि संगणकावरचा आइसवीझल, म्हणजे डेबियनमधला फायरफॉक्स, तळहातावर चालवला. संथ चालायचा, पण पान पुरे दिसायचे. आता 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत जाहीर झालेला आपला ‘आकाश’ टॅब घ्या. प्रोसेसर 366 मेगाहर्ट्झ, पडद्यावरचे बिंदू तेवढेच, रॅम दुप्पट. तरी विद्यार्थ्याला मिळाला अँड्रॉइड 2.2 चा ब्राउझर, ज्यात मराठी नीट उमटतही नव्हती. त्याच काळात लिनक्सच्या संगणकावर लोहित फॉन्टमुळे जोडाक्षरे व्यवस्थित दिसत होती. पुढे आयआयटी मुंबईच्या चमूने आकाशच्या पुढच्या आवृत्तीवर, आकाश-2 वर, एसडी कार्डावरून जीएनयू/लिनक्स चालवूनही दाखवले. यंत्र कमी पडले नाही, त्यावर काय घालायचे हा निर्णय चुकला.

आज राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेचे टॅब जेईई, नीट, सीईटीच्या मुलांपर्यंत पोचतात. ही योजना मोलाची आहे. आकाशच्या कितीतरी पट ताकद या टॅबमध्ये आहे. डेबियन त्यावर जरा जड चालते, बॅटरी लवकर उतरते, आणि अँड्रॉइड 12 पासून सगळ्या ॲपनी पाठीमागे सुरू केलेल्या उपप्रक्रिया मिळून 32 च्या वर गेल्या की प्रणाली त्या बंद पाडते. अर्ज भरायला एवढ्याने अडत नाही. ज्या घरात संगणक नाही, तिथे या टॅबलाच संगणकाचे काम करावे लागते, आणि वऱ्हाडातल्या खेड्यांत अशी घरे भरपूर आहेत.

पोर्टल बनवणाऱ्यांनी ते आधी टॅबवर बोटाने चालवून पाहावे, हे तर झालेच पाहिजे. पण तोवर मुलांनी थांबू नये. बडनेरा, शेगाव, अकोल्याच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, एका रविवारी जवळच्या गावात जा आणि शाळकरी मुलांच्या टॅबवर डेबियन व फायरफॉक्स चढवून द्या. टर्मक्स एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घ्या, आणि टॅबमध्ये चार-पाच जीबी जागा आधी मोकळी करून ठेवा.