सुपर कप 'हरला तो बाहेर' असाच हवा! गट कशाला?

देवगाव रंगारी : गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचा नियम सगळ्यांना पाठ असतो. हरला तो घरी. एप्रिल २०२५ मध्ये भुवनेश्वरला झालेल्या फुटबॉलच्या सुपर कपमध्येही हाच नियम होता. गट नाहीत, गुणतक्ता नाही.

फायदा कुणाला झाला? आय-लीगमधल्या इंटर काशीने आयएसएलच्या बेंगळुरू एफसीला पेनल्टी शूटआऊटवर पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं. आपली मुंबई सिटी उपांत्य फेरीत जमशेदपूरकडून हरली. एफसी गोवाने गोकुलम, पंजाब, मोहन बागान यांना हरवलं आणि ३ मे रोजी अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० ने लोळवलं. चार विजय आणि थेट आशियाई स्पर्धेच्या पात्रता सामन्याचं तिकीट! तिथे ओमानच्या अल सीबला हरवल्यामुळेच ऑक्टोबरमध्ये अल नासर फातोर्ड्यात खेळायला आला. (रोनाल्डो आला नाही, तो भाग वेगळा.) गोवा १-२ ने हरला, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल मारलाच.

त्याच महिन्यात सुरू झालेल्या पुढच्या सुपर कपमध्ये मात्र १६ संघांचे चार गट पाडले. एका सामन्यासाठी संघाने एवढा प्रवास का करावा, हा मुद्दा खोटा नाही. पण लहान संघ मोठ्याला एखाद्या दिवशीच गाठतो. तीन सामने दिले की मोठा सावरतो. सामने कमी पडले ते आयएसएल रखडल्यामुळे. महासंघाने आधी ती वेळेवर भरवावी.